चाक निखळते तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले मुरुड हे समुद्रकाठचे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक असते. नारळ-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचे लाकडी खांबांचे देऊळ आणि लांबच लांब पुळण ही या गावाची ओळख. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या वाळूचे नमुने गोळा करण्यासाठी आम्ही चौघे तेथे गेलो होतो. परतताना गावाबाहेरच्या वळणावर जे घडले, त्यातून या लेखाचा विषय निघाला.

गाडी आमच्यातल्याच एकाची, जुनी आणि छोटी होती. निघण्याच्या दोन दिवस आधी शहरातल्या एका दुकानात तिची चाके काढून परत बसवली होती. वाटेत पुढच्या डाव्या बाजूने अधूनमधून खडखड ऐकू येई. चौघेही विज्ञानाचे पदवीधर, पण खाली उतरून नट हाताने चाचपून पाहावेत हे एकालाही सुचले नाही. मुरुडच्या त्या वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचे डावे चाक गाडीपासून सुटून आमच्याच पुढे धावत गेले. ब्रेकने गाडीचा वेग कमी केला. सुटलेल्या चाकाला ब्रेकचा काहीच धरबंध नव्हता. जडत्वाचा नियम शिकवायला याहून ठळक उदाहरण मिळणार नाही, पण त्या क्षणी ते कौतुक करण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. चाक एका पोफळीच्या वाडीच्या गडग्याला आपटून आडवे झाले. सुदैवाने वाटेत कोणी नव्हते.

मग आमच्यातल्या एकाला ते जुने कोडे आठवले. गाडीचे एक चाक काढले, त्याचे चारही नट हरवले; आता काय करायचे? उत्तर सोपे आहे. उरलेल्या तीन चाकांचा एकेक नट काढायचा आणि तीन नटांवर चौथे चाक बसवायचे. आम्ही उत्साहाने चाक उचलून आणले. पण कोड्यात गृहीत धरलेली एक गोष्ट येथे नव्हती. नट नुसते हरवले नव्हते. ज्यांवर ते बसतात त्या आटे पाडलेल्या खुंट्यांपैकी दोन तुटल्या होत्या आणि चाकाची भोके घासून लांबट झाली होती. चाक परत बसणे शक्यच नव्हते. गाडी ओढून नेणे एवढाच मार्ग उरला होता.

पुढचे एक चाक नसलेली गाडी ओढायची कशी? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना चाकाचा जवळजवळ सगळा इतिहास उलगडावा लागतो. तो थोडक्यात पाहू या.

सुटे चाक आणि त्याची खीळ

चाक पहिल्यांदा कोणी आणि कोठे केले हे सांगता येत नाही. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से या ठिकाणी सापडलेल्या एका मातीच्या भांड्यावर चारचाकी गाडीसारखे चित्र कोरलेले आहे. ते भांडे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना हिच्या जवळच्या दलदलीत २००२ साली लाकडाचे एक चाक आसासह सापडले. ते पाच हजार वर्षांहून जुने आहे. त्याची एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. चाकाच्या मधले भोक गोल नसून चौकोनी आहे. म्हणजे चाक आसावर फिरत नव्हते. चाक आणि आस मिळून एकजीव फिरत होते.

या रचनेत चाक निसटण्याची भीती कमी असते. पण एक अडचण येते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असली तर त्यांचे फेरे सारखेच होणार. मग एक तरी चाक फरफटणार. वर्गात दोन रिकाम्या रिळांमध्ये पेन्सिल घट्ट बसवून ही जोडी टेबलावर वळवून पाहा. रिळे कुरकुरतात. पेन्सिलीवर ती सैल बसवली की जोडी सहज वळते.

म्हणून दुसरी रचना आली. आस गाडीला पक्का बसवायचा आणि चाके त्यावर सुटी फिरू द्यायची. आता प्रत्येक चाक आपापल्या गतीने फिरू शकते. पण जे सुटे फिरते ते सुटे निघूही शकते! ते निघू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात एक खीळ घालावी लागली. चाकाला दिलेल्या स्वातंत्र्याची ही पहिली किंमत. आमच्या मते चाकाचा पुढचा सारा इतिहास याच दोन टोकांमध्ये फिरतो: चाकाला अधिकाधिक मोकळे करायचे, आणि मोकळे केलेले चाक जागेवर राहावे यासाठी काहीतरी योजायचे.

या खिळीचे महत्त्व आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. संस्कृतात तिला ‘आणि’ असा शब्द आहे आणि तो ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातच येतो. रथ जसा या खिळीवर, तसे अमर देव सवित्यावर टेकलेले आहेत, अशा अर्थाची उपमा तेथे दिली आहे. कैकेयीची गोष्ट तर कीर्तनातून घराघरांत पोचलेली आहे. दशरथाच्या रथाचे चाक ऐन युद्धात निसटू लागले तेव्हा तिने तेथे आपला हात घातला आणि दोन वर मिळवले. वाल्मीकी रामायणात तिने बेशुद्ध दशरथाला रणातून बाहेर नेले एवढेच आहे. हाताची गोष्ट नंतरच्या कथांत येते. पण ज्याने ती रचली त्याला रथाचा सर्वांत नाजूक भाग कोणता हे नेमके माहीत असले पाहिजे.

महाराष्ट्रातला या विषयाचा सर्वांत सुंदर पुरावा प्रवरा नदीच्या काठचा आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जोडलेला एक रथ. चारही वस्तूंचे मिळून वजन साठ किलोहून अधिक भरते. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यात एक माणूस उभा आहे. या वस्तूंच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी बरेच अभ्यासक त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात.

पुढचे चाक वेगळे का

दोन चाकांच्या बैलगाडीत वळण्याचे काम बैल करतात. गाडी चारचाकी झाली की पुढची चाके वळवावी लागतात. जुन्या घोडागाड्यांत पुढचा संपूर्ण आस मधल्या एका खुंटीभोवती फिरे. तीव्र वळणावर पुढचे एक चाक गाडीच्या पोटाखाली जाई, टेकूचा पाया अरुंद होई आणि गाडी कलंडे. म्युनिकचे गाड्या बांधणारे कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी १८१७ साली यावर तोड काढली. आस वळवायचाच नाही. त्याच्या दोन टोकांना दोन आखूड आस बिजागरीसारखे जोडायचे आणि तेवढेच वळवायचे. त्यांचे लंडनमधले प्रतिनिधी रुडॉल्फ अकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये या रचनेचे एकस्व घेतले. त्यामुळे आजही ती अकरमान यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या मोटारीची पुढची चाके याच तत्त्वावर वळतात.

चाकाला मिळालेले हे दुसरे स्वातंत्र्य. पण आता पुढचे चाक एका आखूड दांड्यावर, एकाच बाजूने धरलेले आहे. तोच भार, शिवाय ब्रेकचा झटका आणि वळणाचा रेटा, सारे त्या लहानशा जोडावर येते.

तिसरे स्वातंत्र्य इंजिनाच्या गाड्यांबरोबर आले. इंजिनाने दोन चाके फिरवायची, तरीही वळणावर ती वेगवेगळ्या गतीने फिरली पाहिजेत. यासाठीची दंतचक्रांची जुळणी फ्रेंच कारागीर ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी पुढे आणली. मोटार दुरुस्त करणारे तिला ‘डिफरन्शियल’ म्हणतात. या जुळणीचा स्वभाव असा की, ती दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. आणि एका बाजूला अडथळाच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही जोर मिळत नाही. आमच्या गाडीत इंजिन पुढची चाके फिरवत होते. डावे चाक गेल्यावर इंजिन चालू करून पाहिले, तेव्हा डावा रिकामा तुंबा गरगर फिरला आणि उजवे चाक जागचे हलले नाही. वळण सोपे करण्यासाठी केलेली सोय संकटात अशी आडवी आली.

रेल्वेने मात्र उलट वाट धरली. रुळांवर वळण फार सौम्य असते, म्हणून तेथे चाके पुन्हा आसाला घट्ट बसवली. चाकांचा थोडासा निमुळता आकार वळण सांभाळतो. पण तेथे संकट दुसऱ्या बाजूने आले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि अनेक प्रवासी मेले. दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशाचा शोध घेणारे द्युमाँ द्युर्व्हिल हेही त्यांत होते. एका भाराने न मोडणारे लोखंड तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला की मोडते, हे त्यानंतर अभियंत्यांच्या लक्षात येऊ लागले. जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग करून धातूच्या या ‘थकव्या’चे नियम शोधले. आमच्या गाडीच्या दोन खुंट्या याच थकव्याने तुटल्या होत्या.

नट काय करतो

चाक खुंट्यांवर टांगलेले असते आणि नट ते बाहेर पडू देत नाहीत, अशी आपली समजूत असते. ती बैलगाडीच्या खिळीला लागू पडते, मोटारीला नाही. मोटारीचा नट घट्ट आवळला की खुंटी किंचित ताणली जाते आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखी चाकाला तुंब्यावर दाबून धरते. या दाबामुळे चाक आणि तुंबा यांच्यामध्ये घर्षण निर्माण होते आणि ते घर्षणच चाकाचा भार पेलते. नट सैल झाला की घर्षण जाते. मग चाक प्रत्येक फेऱ्यात खुंट्यांना वाकवू लागते. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या मोटारीचे चाक सेकंदाला सहा-सात फेरे घेते. म्हणजे तासाभरात वीस हजारांहून अधिक वेळा वाकवणे! व्योलर यांचे प्रयोग आम्ही नकळत रस्त्यावर करत आलो होतो.

सैल नट आपोआप आणखी सैल का होतो, हेही पाहण्याजोगे आहे. चिकटपट्टी संपल्यावर उरलेले कडे घ्या. त्याच्या आतल्या कडेला पेन्सिल टेकवून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कड्यात लोळवत न्या. पेन्सिल स्वतःभोवती मात्र उलट दिशेने फिरते. भोकात किंचित सैल बसलेली गोल वस्तू फिरत्या भाराखाली अशीच लोळते. सायकलच्या पायट्यांची खुंटी अशी फिरून सुटू नये म्हणून डाव्या पायट्याचे आटे उलटे पाडलेले असतात. विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष पाहू द्या. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपच्या डाव्या चाकांचे नटही उलट्या आट्यांचे होते. याच जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र यांनी सुरू केली, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक जुन्या मिस्त्रींनी हे उलटे नट हाताळलेले आहेत. पुढे निमुळत्या बुडाचे नट आणि योग्य जोराने आवळण्याची पद्धत रूढ झाली, आणि छोट्या मोटारींत उलट्या आट्यांची गरज उरली नाही.

योग्य जोर म्हणजे किती? छोट्या मोटारीसाठी तो साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४० किलोचा भार दिल्यासारखा. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासावेत असे म्हणतात, ते उगीच नाही. रंग, गंज, धूळ दाबली जाऊन पकड थोडी सैल होते. आमची चूक नेमकी तेथेच झाली होती.

तीन पायांचे गणित

आता मुरुडच्या वळणावर परत येऊ. गर्दी जमली. एका भल्या गृहस्थाने आपली जीप आणली, आमच्या गाडीच्या पुढच्या पत्र्याला काथ्याचा दोर बांधला आणि “ओढू या तशीच, दोन मिनिटांत बाजूला घेऊ,” म्हणून तो जीपमध्ये बसलासुद्धा. शाळा नुकतीच सुटली होती; पाच-सहा मुले दोराला खेटून मजा बघत उभी होती. एवढ्यात गर्दीतून एक वृद्ध पुढे आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. त्यांनी आधी मुलांना गडग्यापलीकडे पिटाळले. मग जीपवाल्याला म्हणाले, “अरे, थांब. दोर तुटला तर पोरांचे डोळे जातील. आणि गाडी अशी ओढायची न्हाय. आधी उचलायची, मग ओढायची.”

तात्यांचे वडील सुतार होते आणि गाड्यांची चाके करत. त्यांचे म्हणणे आम्ही मागाहून कागदावर मांडून पाहिले. शिक्षकांना ते गणित उपयोगी पडेल.

गाडीचे वजन ८०० किलो धरू. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २.४ मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधले १.४ मीटर. इंजिन पुढे असल्याने गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून सुमारे ०.९६ मीटरवर, रुंदीच्या मध्यावर येतो. चारही चाके जागेवर असताना पुढच्या प्रत्येक चाकावर २४० किलो आणि मागच्या प्रत्येकावर १६० किलो भार येतो.

पुढचे डावे चाक गेले. उरलेल्या तीन चाकांचा त्रिकोण काढा. त्याची लांब बाजू पुढच्या उजव्या चाकापासून मागच्या डाव्या चाकापर्यंत जाते, म्हणजे ती आयताचा कर्ण आहे. गुरुत्वमध्य या कर्णाच्या बाहेर, पुढच्या डाव्या बाजूला पडतो, पण किती? कर्णापासून त्याचे लंबांतर भरते फक्त १२ सेंटिमीटर. त्या मानाने निखळलेल्या चाकाची जागा कर्णापासून १२१ सेंटिमीटर दूर आहे. म्हणजे तो कोपरा सावरायला ८०० × १२ ÷ १२१, सुमारे ८० किलोचा टेकू पुरे. मग बाकीचा भार गेला कोठे? पुढच्या उजव्या चाकावर तो ४०० किलो झाला, मागच्या डाव्यावर ३२० किलो, आणि मागच्या उजव्या चाकावर शून्य! गाडी जमिनीवर टेकली तेव्हा मागचे उजवे चाक खरोखरच जवळजवळ अधांतरी होते. हातब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो, त्यांतले एक अधांतरी म्हणजे ब्रेक निम्मा गेला. तात्यांनी सर्वांत आधी इतर चाकांखाली दगड लावायला सांगितले, त्यामागचे कारण हे.

दुसरा निष्कर्ष आणखी कामाचा आहे. अधांतरी राहिलेल्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर ८० किलो ठेवले तर गुरुत्वमध्य कर्णावर येतो आणि पुढचा डावा कोपरा जवळजवळ भारहीन होतो. तात्यांनी पुळणीवरून वाळूची दोन पोती आणवली आणि गाडीत मागे उजवीकडे ठेवायला लावली. त्रिकोण, कर्ण, लंबांतर यांतले काहीही त्यांनी काढले नव्हते. ओझे कोठे ठेवले म्हणजे बैलाच्या मानेवर येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

उचलणाऱ्या गाडीचा जन्म

‘आधी उचला, मग ओढा’ हे तत्त्व ज्याने यंत्रात उतरवले त्याची हकीकत येथे सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचे शहर आहे. १९१६ साली तेथे एकाची फोर्ड मोटार ओढ्यात उलटी पडली. गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स यांना बोलावले गेले. ठोकळे, दोर आणि सहा माणसे घेऊन ती बाहेर काढायला त्यांना सुमारे आठ तास लागले. या त्रासाने होम्स विचारात पडले. त्यांनी १९१३ सालच्या एका कॅडिलॅक मोटारीच्या सांगाड्यावर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी तयार केली. प्रयोगात लक्षात आले की, मागे लोंबणाऱ्या भाराने ओढणारी गाडीच अस्थिर होते. मग त्यांनी तिला जमिनीवर टेकणारे आधाराचे पाय जोडले. पुन्हा टेकूच्या बहुकोनाचेच गणित! चॅटनूगामध्ये आज या व्यवसायाचे संग्रहालय आहे.

आजच्या क्रेनगाड्या मोटारीची पुढची दोन चाके किंवा पुढची बाजू उचलतात आणि मागची चाके रस्त्यावर लोळत येतात. नाहीतर सगळी मोटारच सपाट पाठीच्या वाहनावर चढवतात. पुढचे एक चाक गेलेल्या मोटारीला हेच दोन मार्ग योग्य. पण क्रेन येईपर्यंत, किंवा ती येऊच शकत नसेल तर?

चाकाआधीच्या युगात

तेव्हा माणूस चाकाआधीच्या युगात जातो आणि तेथे त्याला उपाय सापडतो. चाकापूर्वी ओझी घसरगाडीवरून ओढत. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी दोन काठ्यांची टोके कुत्र्याला आणि पुढे घोड्याला जोडून, दुसरी टोके जमिनीवरून फरफटत ओझे नेत. कोकणातले मच्छीमार होड्या पुळणीवर ओढताना खाली ओंडके टाकतात. चाक मोडलेल्या वाहनाखाली लांब वासा बांधून त्याचे मागचे टोक जमिनीवरून घसरू द्यायचे, ही युक्ती लष्करी वाहनांच्या चालकांनाही शिकवली जात असे.

तात्यांनी तेच केले. सुरूचा हातभर घेराचा, बारा फुटी सरळ वासा आणवला. दुसऱ्या एका वाशाची तरफ केली: टेकू दगडाचा, आखूड बाजू एक फूट, लांब बाजू नऊ फूट. नऊपट फायद्याने कोपरा दोन माणसांनी सहज उचलला. घसरणारा वासा गाडीच्या पोटाखालून, चाक जेथे होते त्या जागेखालून नेऊन पुढच्या मजबूत आडव्या पट्टीला आवळून बांधला. त्याचे पुढचे टोक जमिनीपासून वर राहील असे पाहिले, म्हणजे ते रस्त्यात रुतणार नाही.

दोर कोठे बांधायचा यावर वाद झाला. आम्ही म्हणालो, चाक डावीकडचे गेले, म्हणून उजवीकडून ओढावे. तात्या म्हणाले, “जिथे जड तिथेच ओढा, साहेब.” बरोबर त्यांचेच होते. अडथळा डावीकडे आणि ओढ उजवीकडे असली तर दोन्ही मिळून गाडीला गरकन डावीकडे फिरवतात. टेबलावर जाड पुस्तक ठेवा, एका कोपऱ्यावर वजन ठेवा आणि दोरा वेगवेगळ्या ठिकाणी बांधून ओढा. ओढीची रेषा घर्षणाच्या रेषेत आली की पुस्तक सरळ येते.

डावीकडच्या पक्क्या कडीला, नव्या नायलॉनच्या दोराने जीप जोडली. दोराच्या मध्यावर एक जड गोणपाट टाकले. दोर तुटला तर त्याचा तडाखा कमी व्हावा म्हणून. मुले गडग्यापलीकडेच राहिली. माणसाच्या चालीने दोनशे-अडीचशे पावले गाडी ओढून वाडीजवळच्या मोकळ्या जागेत आणली. वळण मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दापोलीहून क्रेन आली आणि गाडी पुढून उचलून घेऊन गेली.

संध्याकाळी तात्यांच्या पडवीत चहा घेताना आम्ही त्यांच्या वडिलांच्या कामाबद्दल विचारले. चाकाचा तुंबा, आरे, लोखंडी धाव तापवून चढवण्याची घाई, एरंडेलाचे वंगण, सारे त्यांना तोंडपाठ होते. कोकणात गाडीरस्ते उशिरा आले. धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला सोबत्यांबरोबर डोंगर ओलांडून पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नव्हते. मुंबईला जायचे तर हर्णे बंदरावर बोट गाठावी लागे. पुढे रस्ते झाले, गाड्या आल्या, चाके करणारे सुतार आले. आणि दोन-तीन पिढ्यांत मोटारी येऊन ते कामही संपले. तात्यांच्या मुलांपैकी कोणी सुतारकाम करत नाही. आम्ही त्या दिवशी तेथे अडकलो नसतो तर ‘जिथे जड तिथेच ओढा’ हे वाक्य कोणी लिहून ठेवले असते का, याची शंका वाटते.

शिक्षक मित्रांनी आपल्या गावातल्या अशा एखाद्या तात्यांकडे वर्गाला जरूर न्यावे. त्यांच्या हातात जे आहे ते पुस्तकातल्या तरफ, घर्षण आणि गुरुत्वमध्य यांहून वेगळे नाही. फक्त ते अजून कागदावर आलेले नाही आणि त्याला फार वेळ उरलेला नाही.

निघताना तात्या आम्हाला म्हणाले, “खीळ बघून गाडी जुंपावी, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असायचे.” आपल्या भाषेत एखाद्या कामाला खीळ बसली म्हणजे ते काम थांबले. पण गाडीची खीळ जागेवर असते म्हणूनच गाडी चालते. तेव्हापासून आम्ही कोठेही निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि चारही चाकांचे नट हाताने मोजतो.